दोन तालुके आणि तीन वाटा

रस्ता गांवाजवळून गेला कीं गांवाचें दैव उघडतें, अशी आपल्याकडे सार्वत्रिक समजूत आहे. ठाणें जिल्ह्यांतील शहापूर व मुरबाड या शेजारच्या तालुक्यांचा पूर्वेतिहास पाहिला म्हणजे ती अर्धीच खरी वाटूं लागते.

मान मुरबाडचा जुना. वैशाखऱ्यावरून नाणेघाट चढून जुन्नरास जाणाऱ्या वाटेनें सातवाहनकाळीं कल्याण व सोपारा या बंदरांचा माल देशावर जाई. घाटमाथ्याच्या लेण्यांत नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. अश्वमेध, राजसूय इत्यादि यज्ञ आणि त्यांत दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, हत्ती व कार्षापणें यांची त्यांत मोजदाद आहे. एवढें दातृत्व आलें कोठून, असें मुलांनीं विचारल्यास त्यांना जवळचाच दगडी रांजण दाखवावा. जकातीचीं नाणीं त्यांत टाकीत, असें परंपरा सांगते. दानाची वही जमेच्या वहीशेजारींच ठेवावी लागते, हें आमच्या गृहिणींना निराळें सांगावयास नको!

पुढें आगगाडीचा काळ आला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या मूळ योजनेंत लोहमार्ग मुरबाडकडील माळशेज घाटानेंच वर न्यावयाचा होता. पण माळशेज मागें पडला आणि थळ व भोर हे घाट पसंत झाले. १८५५ सालीं वासिंदला, १८६१ त कसाऱ्यास आणि १८६५ त इगतपुरीस गाडी पोंचली. वासिंद, आसनगांव, आटगांव, खर्डी, कसारा अशीं ओळीनें स्टेशनें शहापूर तालुक्यास लाभलीं. मुरबाडकरांस मात्र गाडीसाठीं अद्यापि कल्याण किंवा बदलापूर गांठावें लागतें.

शहापुराच्या पदरांत त्यानंतर समृद्धि महामार्ग पडला. नागपूरपासूनच्या ७०१ किलोमीटरांपैकीं इगतपुरी ते आमणें हा ७६ किलोमीटरांचा शेवटला टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. कसाऱ्याजवळ सुमारें आठ किलोमीटरांचा जोडबोगदा सह्याद्रि फोडून जातो. काम अचाट आहे, यांत संशय नाहीं. परंतु जुन्या अर्थानें हा रस्ताच नव्हे. नेमल्या ठिकाणींच चढावें, नेमल्या ठिकाणींच उतरावें. दुचाकीस मज्जाव, बैलगाडीची तर गोष्टच नको. ज्याचें शेत मधोमध चिरलें गेलें, त्यास पलीकडच्या तुकड्यावर जावयास वळसा. नाणेघाटाच्या वाटेवरचा बैलवाला निदान पाण्यासाठीं थांबे, चार नाणीं खालच्या गांवांत मोडी. नागपूरची मोटार शहापुराकडे न पाहतांच निघून जाते.

या कामीं मोल काय पडलें, तेंहि विसरूं नये. ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीं सरळांबे येथें पुलाच्या तुळया चढविणारें यंत्र कोसळून वीस जण ठार झाले. पोट भरण्यासाठीं परप्रांतांतून आलेले कित्येक जण त्यांत होते. उद्घाटनाच्या वर्णनांत किती मिनिटें वांचलीं हें मोठ्या अक्षरांत छापलें जातें, म्हणून हा आंकडा येथें नमूद केला.

या दोन तालुक्यांच्या नित्य उपयोगाची वाट निराळीच आहे. शहापूरहून मुरबाड, कर्जत करीत ती खोपोलीस जाते. तिला कुंपण नाहीं. तिच्यावर शाळेचीं मुलें आहेत, भाताचीं पोतीं आहेत, बाजारकरी आहेत आणि दवाखान्यास निघालेली बाळंतीणहि आहे. या वाटेचे पावसाळ्यांतील खड्डे कोणीं व केव्हां बुजवावयाचे, याची चौकशी समृद्धीच्या उद्घाटनाइतक्या उत्साहानें झालेली आमच्या तरी पाहण्यांत नाहीं.