थंडी आधी उपाशी अंगाला लागते

मेहकरला आपण गेला असाल, तर तेथील जुन्या हेमाडपंती धर्मशाळेचे दगडी खांब पाहिले असतील. उन्हाळ्यात तेथला गारवा सुखावतो. आता तीच जागा पौषातील रात्री डोळ्यांसमोर आणावी. अंगाखाली घडीव दगड, अंगावर एक घोंगडी आणि उजाडायला अजून चार तास. सातशे वर्षांपूर्वीचा वाटसरू ती रात्र कशी काढीत असेल, हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. थंडीपुढे त्याचे शरीर जसे वागे, तसेच आपलेही वागते.

मध्ययुगातील हिवाळा म्हटला की आपल्याला युरोपातील बर्फ आठवते. तेथे थेम्ससारखी नदी अनेकदा गोठली, आणि पुढील पीक हाती येईपर्यंत कणगीतले धान्य पुरवून खावे लागे. आपल्याकडची थंडी तशी नव्हे. बुलढाण्याच्या घाटावर काही रात्री पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्याकडे त्या मानाने थोडी ऊब असते, एवढेच. शिवाय आपला हिवाळा येतो तो खरिपाच्या मागोमाग. ज्वारी घरात आलेली, तीळ झोडपून झालेला, जवस शेतात उभा, चुलीला तुराट्या आणि पऱ्हाट्या मुबलक. जाड मातीच्या भिंतींची धाब्याची घरे दिवसाची ऊब रात्री हळूहळू परत देत. (त्या काळच्या भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा मात्र नसे; मिरची पोर्तुगीजांच्या मागोमाग आली. तिखटासाठी मिरे, आणि तेही परवडेल त्याला.) पाऊसपाणी बरे झाले असेल, तर सामान्य कुटुंबासाठी हे वर्षातील भरल्या पोटाचे दिवस होते.

ज्यांच्या नावाने आपण या मंदिरांना हेमाडपंती म्हणतो, ते देवगिरीच्या यादवांचे मंत्री हेमाद्री आयुर्वेदाचेही पंडित होते. वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर त्यांनी ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. अष्टांगहृदयातील हेमंत ऋतूची चर्या आजही वाचण्यासारखी आहे. तेलाचा अभ्यंग, स्निग्ध आहार, उडीद, दूध, गुळाचे पदार्थ, अंगाला केशर-कस्तुरी, लोकरी आणि रेशमी पांघरुणे, निखाऱ्यांनी उबवलेल्या आतल्या खोल्या, आणि हो, मद्यही. हे सारे कोणासाठी, असा प्रश्न मनात येतोच. धर्मशाळेत झोपलेल्या वाटसरूला कस्तुरी कुठून मिळणार? पण त्याच चर्येत एक निरीक्षण गरीब-श्रीमंत असा भेद न करता सर्वांना लागू पडते. रात्री मोठ्या असल्यामुळे या दिवसांत माणसाला पहाटेच भूक लागते, आणि त्या अग्नीला अन्न मिळाले नाही तर तो शरीरातील धातूंनाच जाळू लागतो.

आजचे शरीरशास्त्र हेच वेगळ्या शब्दांत सांगते. अंग कुडकुडते तेव्हा स्नायू वेगाने आकुंचन पावून उष्णता निर्माण करतात, आणि त्यासाठी इंधन लागते ते अन्नाचे. इंधन संपले की कुडकुडणे मंदावते. पाहणाऱ्याला वाटते, थंडी कमी झाली. वास्तविक धोका तेथूनच वाढतो.

याचा सर्वांत भीषण दाखला आपल्या शेजारीच घडला. 1630 साली पाऊस पडला नाही, आणि गुजरात, खानदेश व दख्खनवर मोठा दुष्काळ कोसळला. त्या नोव्हेंबरात पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी सुरतेहून निघून तापीकाठच्या बुऱ्हाणपुरावरून आग्र्याला गेला. वाटेतील प्रेतांचे आणि भुकेने व्याकूळ झालेल्या माणसांचे वर्णन त्याने लिहून ठेवले आहे. बुऱ्हाणपूर मलकापूरहून फारसे दूर नाही. घर सोडून वाटेला लागलेल्या त्या कुटुंबांसमोर ऐन हिवाळ्याच्या रात्री होत्या. थंडी नेहमीचीच असेल. भरल्या पोटी, मातीच्या भिंतीआड ती सोसता आली असती. उपाशी आणि उघड्यावर पडलेल्या अंगाला ती कशी सोसावी?

आपल्या घरातही असे उपाशी अंग असू शकते, आणि ते बहुधा आजी-आजोबांचे असते. “रात्री पचत नाही” म्हणून संध्याकाळी सहाला अर्धा कप दूध, आणि मग सकाळी नऊपर्यंत काही नाही. पंधरा तास झाले! वयानुसार कुडकुडण्याची शक्ती उणावते, थंडीची जाणीवही बोथट होते. थंडीने रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब वाढतो, तो वेगळाच. त्यांना रात्री मऊ भाकरी-वरण, तूप घातलेली खिचडी असे काही द्यावे, आणि पहाटे जाग येताच कोमट पेय व खाण्यास थोडेसे. मधुमेह असल्यास वेळा आणि प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. पांघरुणाइतकेच अंथरूण महत्त्वाचे. फरशी दगडासारखीच अंगातील ऊब ओढून घेते. खाली गोधडीची दुहेरी घडी हवी. तान्ह्या बाळाला कुडकुडताच येत नाही. त्याचे डोके झाकावे आणि आईने उराशी धरावे.

जुन्या चर्येतील दोन गोष्टी मात्र सोडून द्याव्यात. मद्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात. ऊब वाटते, पण ती अंगातून निघून जात असते. आणि निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नये. जुन्या कौलांतून, झरोक्यांतून वारा खेळे. आजची खोली घट्ट बंद होते. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, झोपलेल्याला जागही येत नाही.

आता राहिला तो माणूस, जो या थंडीत घरी नसतोच. शेतीपंपाची वीज रात्री येते, म्हणून हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला आपल्याकडील कितीतरी शेतकरी मध्यरात्री ओल्या वाफ्यात उभे असतात. घरातील कोणी जात असेल, तर जेवल्यावाचून जाऊ देऊ नये. डब्यात भाकरी, तीळगुळाची वडी, सोबत कोरडे कपडे व मोजे द्यावेत. ओले कापड अंगावर असले तर ऊब कितीतरी वेगाने जाते. शक्य तर दोघांनी जावे. बोलणे जडावले, पाय अडखळू लागले, कुडकुडणे थांबूनही अंग गारच राहिले, तर काम तेथेच सोडावे. ओले कपडे काढून कोरडे पांघरूण लपेटावे, पूर्ण शुद्धीत असेल तरच कोमट गोड पेय द्यावे, हातपाय चोळू नयेत, आणि 108 ला फोन करावा.