वादळे मोजण्याचा मोह

अमेरिकेतल्या ‘३५० ॲक्शन’ या पर्यावरणवादी गटाने ऑगस्ट २०१३ मध्ये एक खट्याळ व्हिडिओ काढला. चक्रीवादळांना कतरिना, सँडी अशी निरपराध नावे कशाला, हवामानबदल नाकारणाऱ्या नेत्यांचीच द्या, ही त्यातली मागणी. मार्को रुबिओ, मिशेल बाकमन अशी मंडळी किनारपट्टीची नासधूस करत निघाल्याच्या बातम्या त्यात रंगवल्या होत्या. विनोद झकास, मुहूर्त मात्र साफ चुकला. त्या हंगामात अटलांटिकमध्ये दोनच वादळे हरिकेनच्या, म्हणजे तीव्र चक्रीवादळाच्या, दर्जापर्यंत पोहोचली. १९८२ नंतर इतकी कमी कधीच नव्हती.

हे पहिल्यांदा झाले नव्हते. कतरिनाच्या पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये आलेल्या, अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष अल गोर यांच्या ‘ॲन इन्कन्व्हिनियंट ट्रुथ’ या माहितीपटाच्या पोस्टरवर धुरांड्यातल्या धुराचे चक्रीवादळ झालेले दिसते. चित्र डोक्यात पक्के बसले. पण २००५ च्या विल्मानंतर २०१७ च्या हार्वेपर्यंत, जवळपास बारा वर्षे, अमेरिकेच्या मुख्य भूमीवर तिसऱ्या किंवा त्यावरच्या श्रेणीचे एकही हरिकेन धडकले नाही. ‘कुठे गेली तुमची वादळे?’ विरोधकांच्या हाती आयते कोलीत आले.

यात विज्ञानाचा दोष नव्हता. प्रचारकांनी धरलेला आकडाच चुकीचा होता. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीचा २०२१ चा अहवाल सांगतो की तापमान वाढले तरी जगातल्या चक्रीवादळांची एकूण संख्या घटण्याची किंवा आहे तशीच राहण्याची शक्यता आहे. वाढेल ते अतितीव्र वादळांचे प्रमाण आणि त्यांच्यासोबतचा पाऊस. हार्वेने ज्या पावसाने ह्यूस्टन बुडवले, तो तापमानवाढीमुळे सुमारे १५ टक्क्यांनी वाढला होता, असा अंदाज ‘वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन’च्या अभ्यासकांनी काढला. सँडी तर २०१२ मध्ये न्यू जर्सीला लागताना तांत्रिकदृष्ट्या हरिकेनही उरले नव्हते. तरी मॅनहॅटनच्या भुयारी रेल्वेत समुद्र शिरला, कारण शतकभरात तिथले पाणी फूटभर वर चढले होते आणि वादळाची लाट त्यावर स्वार झाली.

एवढे सगळे पोस्टरवर लिहिले तर ते रटाळ होईल, मान्य. पण पुढचा हंगाम शांत गेला तरी ते खोटे ठरणार नाही!

माणसे मरतात कशाने, हेही त्या धुरांड्याच्या चित्रात मावत नाही. १९९९ च्या महाचक्रीवादळाने ओडिशात दहा हजारांच्या घरात बळी घेतले. ऑक्टोबर २०१३ मध्ये तिथेच फायलिन चक्रीवादळ आले, तेव्हा लाखो लोकांना आधीच हलवले होते; मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. मधल्या काळात समुद्र काही थंड झाला नव्हता. अंदाज सुधारले होते, निवारे उभे राहिले होते. वादळाची भीती दाखवून फक्त कार्बनचा हिशेब मांडणाऱ्या मोहिमा याबद्दल फारसे बोलत नाहीत, आणि किनाऱ्यावरच्या माणसाला पहिली गरज नेमकी याच माहितीची असते.