आधी वजन, मग हौस

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त घरगुतीच आहे, पण आमच्या नातेवाइकांत निवृत्तीला टेकलेले बरेच जण आहेत, म्हणून इथे मांडतो.

माझा भाचा पुढच्या वर्षी इथल्या वीज केंद्रातून रिटायर होतोय. ऊर्जानगरात रिटायर होणं म्हणजे नुसती नोकरी सुटणं नव्हे, क्वार्टरही सुटतं. बत्तीस वर्षं ज्या अंगणात आंबा वाढवला, ते अंगण किल्लीसकट परत करायचं. स्वतःचं घर अजून झालेलं नाही. आणि मागच्या रविवारी येऊन तो म्हणाला, "मामाजी, आता घराची घाई नाही. दोन वर्षं आम्ही दोघं चाकांवरच राहणार. गडचिरोली, भामरागड, सिरोंचा, पुढे बस्तर."

मोबाईलवर फोटो दाखवला. जीपच्या मागे जोडायची, खडबडीत रस्त्यावर चालणारी ट्रेलर-गाडी. आत पलंग, ओटा, फ्रिज, एसी, टपावर सोलर. फंडाचा मोठा हिस्सा तिच्यात जाणार. भाचेसून शेजारी गप्प बसली होती. तिचं ते गप्प बसणं मला बरं वाटलं नाही. मी कागद-पेन्सिल मागवली. (मास्तरकी सुटत नाही हो!)

पहिलं गणित पाण्याचं. काटकसरीने वागलं तरी पिणं, स्वयंपाक, भांडी आणि आटोपती अंघोळ मिळून दोघांना रोज ४० लिटर लागेल. चार दिवसांचं १६० लिटर, म्हणजे १६० किलो. सामान चढायच्या आधीच दोन धडधाकट माणसं गाडीत बसली म्हणायची! शिवाय हे वजन कुठे ठेवलं त्यालाही महत्त्व आहे. टाकी आसाच्या वर हवी आणि ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा भाग पुढच्या हुकावर यायला हवा. मागे भार झाला तर गाडी वेगात शेपटासारखी वळवळते. बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. गाडी उलार होऊ द्यायची नाही, एवढंच. म्हणून आधी जीप किती वजन ओढू शकते ते कागदावर पाहायचं आणि भरलेला ट्रेलर त्याच्या बराच आत ठेवायचा.

दुसरं गणित विजेचं. आपण विजेच्या गावचे, पण आपल्यालाच तिची किंमत कळत नाही. एक किलोवॅटचा एसी रात्रभर, मध्ये मध्ये बंद राहतो असं धरलं तरी, चारेक युनिट खातो. बारा व्होल्टची शंभर अँपिअर-तासांची बॅटरी भरते सव्वा युनिट. टपावरचे ४०० वॅटचे पॅनल चांगल्या दिवशी देणार दीड-दोन युनिट. त्यातही गंमत अशी की सोलरला ऊन हवं आणि आपल्याला सावली! चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४६-४७ वर असताना पत्र्याच्या पेटीत कोण बसणार? एसी काढा, पंखा, दिवे आणि लहान फ्रिज पुरे.

मग कापडी भिंतींची, घडी होणारी हलकी गाडी घ्यावी का? इथे मी ठाम नाही म्हणालो. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच वीज केंद्राच्या आवारात वाघाने कामगाराचा बळी घेतला आणि त्याच आठवड्यात दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाला नेलं. भिंत पक्की हवी आणि मुक्काम जंगलात नको, गावात हवा; विचारून, सरपंचांना सांगून. चाकं जीपच्याच मापाची, खाली साधे कमानपाटे, म्हणजे आष्टी-आलापल्लीचा ट्रकवाला मिस्त्रीही काम करू शकेल. आणि पैसे देण्याआधी ट्रेलरच्या स्वतंत्र नोंदणीचे कागद पाहायचे.

इतका वेळ गप्प असलेली भाचेसून हळूच म्हणाली, "मामाजी, संडासाचं काय?"

खरा प्रश्न तिनेच विचारला. काढून रिकामी करायची पेटी असते, दोघांना दोन-तीन दिवस पुरते. पण रिकामी करायची कुठे? नाल्यात नव्हे. ते पाणी पुढचं गाव वापरतं. राज्य सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात अशा गाड्यांसाठी पार्कची कल्पना आहे. पण आपल्या वाटेवर तो असेलच असं धरून निघू नये. दर दोन दिवसांनी संडास असलेला ओळखीचा मुक्काम ठरलेला हवा.

शेवटी महिने मोजले. एप्रिल ते जून ऊन. पुढे पाऊस, पर्लकोटेच्या पुराने भामरागड कितीदा तुटलंय ते आपण पाहिलंय. उरले नोव्हेंबर ते फेब्रुवारी, फार तर अर्धा मार्च. म्हणजे दोन वर्षांचं घर नव्हेच, साडेचार महिन्यांची गाडी! बाकीचे साडेसात महिने जायचं कुठे?

मला माझ्या वर्गातली गाडीलोहारांची मुलं आठवली. चितोडच्या शपथेपासून ही माणसं गाडीवर राहतात असं सांगतात. १९५५ साली पंडित नेहरूंनी त्यांना पुन्हा चितोडगडावर नेलं होतं. ती मुलं दोन महिने शाळेत यायची, पाढे म्हणायची आणि एका सकाळी जागा रिकामी. हजेरीपटावर पत्त्याचा रकाना मी कोराच ठेवायचो. ज्यांना पत्ता मिळत नाही त्यांचे हाल पाहिलेला मी, पत्ता आपल्या हाताने सोडणाऱ्याला शाबासकी कशी देऊ? पेन्शन, हयातीचा दाखला, गॅस, मत, आणि रात्री छातीत दुखलं तर परतायची जागा, सगळं पत्त्याशी बांधलेलं असतं.

माझं मत एवढंच. हौस जरूर करा, पण ट्रेलर घराच्या जोडीला घ्यावा, घराच्या बदल्यात नको. आधी दोन खोल्या, मग उरलेल्या पैशांत बसेल ती लहान, हलकी गाडी.

भाचा थोडा नाराज होऊन गेला. काल मात्र भाचेसुनेचा फोन आला. दोघं तुकुममध्ये प्लॉट पाहून आले. "आणि मामाजी, प्लॉटला गेट मोठं ठेवायचं म्हणतात हे. ट्रेलर आत आला पाहिजे ना!"

मला वाटतं, हिशेब जुळला.