आधी खाडा काढा, मग पिशवीला हात लावा

डॉक्टरसाहेब, तुम्ही बोललात आणि आम्ही ऐकलं. आमच्या वस्तीत आरोग्य शिबिर होतं. मंडप होता, मागे बाबासाहेबांचा आणि सावित्रीमाईंचा फोटो होता. तुम्ही माईक हातात घेऊन म्हणालात, "या ऊसतोडीच्या बायकाच आमच्याकडे येतात आणि म्हणतात, पिशवी काढून टाका. आम्ही काय करणार?" पहिल्या रांगेतले पुढारी हसले. माझी माय शेवटच्या रांगेत बसली होती. ती हसली नाय. उठली आणि बाहेर गेली. तिला तसंही फार वेळ बसवत नाय.

हा मजकूर त्या एका वाक्याला उत्तर आहे. मी मॅट्रिक शिकलेला माणूस. धक्क्यावर कंत्राटदाराच्या हाताखाली माल चढवतो-उतरवतो, रात्री जमलं तर कविता लिहितो. याला डॉक्टरकीतलं काय कळतं, असं तुम्ही म्हणाल. पण ज्या पिशवीत मी नऊ महिने राहिलो ती पिशवी कुठं गेली, हे विचारायला डिग्री लागत नाय.

आमचं गाव बीड जिल्ह्यात. दिवाळी झाली की गाव रिकामं. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाच्या वहीत माणूस नसतो, बाई नसते, कोयता असतो. उचल घ्यायची आणि पश्चिम महाराष्ट्रात नायतर कर्नाटकात फडावर जायचं. पहाटेच्या अंधारात तोड सुरू, रात्री गाडी भरायची. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरनं ट्रकवर चढायचं. प्यायला पाणी नाय तिथं धुवायला कुठलं? संडास नाय, आडोसा नाय. पाळीत तेच फडकं, तेच ओलं, कारण वाळत घालायला जागा नाय आणि चार बाप्ये बघतात. आणि एक दिवस कोपीत पडून राहिलं तर खाडा! त्या दिवसाची मजुरी जाते ती जाते, वर दंड उचलीत चढतो. २०१९ साली हा प्रकार पेपरात गाजला तेव्हा दिवसाला पाचशे रुपये दंडाचा आकडा छापून आला होता.

धक्क्यावर आम्हाला पण पाळी असते. दिवसपाळी, रातपाळी. माझी पाळी चुकली की रोज बुडतो. माझ्या मायची पाळी आली की रोज बुडायचा. एवढाच फरक. माझ्या पाळीपायी माझं पोट कुणी कापलं नाय.

मायचं लग्न पंधराव्या वर्षी. विसाव्या वर्षी तीन लेकरं आणि ऑपरेशन, म्हणजे नसबंदी. मग अंगावरून पांढरं जायला लागलं, ओटीपोट दुखायला लागलं. २००८ साली, सत्तावीस वर्षांची असताना, ती तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात गेली. पोटावर मशीन फिरवलं. "पिशवीला सूज आहे बाई. ठेवलीस तर कॅन्सर होईल. लेकरं झाली ना? मग आता पिशवीचं काम काय?" पंधरा मिनिटांत निकाल. पैसे मुकादमानं भरले, उचलीत चढवले. ते फेडायला महिन्याच्या आत ती पुन्हा फडात. ज्या अंगानं सहा आठवडे जड उचलायचं नाय, त्या अंगावर मोळी.

आज ती पंचेचाळिशीच्या आत आहे. तिची कंबर साठीची आहे. अंगाची आग होते, झोप लागत नाय, गुडघे मोडलेत. गेल्या वर्षी एका सरकारी डॉक्टरीणबाईंनी तिचा जुना कागद वाचून दाखवला तेव्हा आम्हाला कळलं, की नुसती पिशवी नाय, दोन्ही अंडाशयंसुद्धा काढली होती. सत्तावीसच्या बाईला एका दिवसात म्हातारी केली होती. सोळा-सतरा वर्षं तो कागद पत्र्याच्या पेटीत होता. इंग्रजीत होता.

आता बोला, कुणी मागितलं? माय पांढरं बरं करा म्हणून आली होती. तुम्ही तिच्यापुढं दोन वाटा ठेवल्या, कॅन्सर नायतर कात्री. तिनं कात्री घेतली. भीती दाखवून घेतलेली संमती ही संमती नव्हे. मुकादम उचलीच्या कागदावर अंगठा घेतो, तुम्ही ऑपरेशनच्या कागदावर घेता. अंगठा तोच, शाई तीच.

आणि मानू की बाकीच्या बायका स्वतःहून मागतात. मागत असतीलही. माझी चुलती म्हणायची, "काढली तर कटकट मिटंल, खाडा पडायचा नाय." म्हणजे रोग कुठं आहे? पिशवीत आहे का मुकादमाच्या वहीत? जी बाई खाड्याला भिऊन पिशवी काढा म्हणते, तिची पिशवी काढणारा डॉक्टर हा कारखान्याचा बिनपगारी मुकादम आहे. बिनपगारी तरी कशाला म्हणू, बिल तर घेतोच.

आकडे पाहिजेत? घ्या. जून २०१९ मध्ये विधान परिषदेत आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं, की बीड जिल्ह्यातल्या ९९ खाजगी दवाखान्यांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. रोजची चार झाली. सगळ्या ऊसतोडीच्या नव्हत्या, ठीक आहे. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ बायकांची पिशवी काढलेली निघाली. शंभरात जवळपास सतरा. अख्ख्या देशात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. ऊसतोडीच्या बायांची पिशवी काय वेगळ्या मातीची असते?

आता तुमचंच शास्त्र तुम्हाला सांगतो. ते सरकारी डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं, कारण आमच्या घरात हा खेळ दुसऱ्यांदा होणार होता. माझी धाकटी बहीण, वय चोवीस, तिलाही तालुक्यात तेच सांगितलं होतं. तेच वाक्य! सूज, कॅन्सर, काढून टाका. तारीख पण दिली होती. मी रोज बुडवला आणि तिला मुंबईला आणलं. बाईंनी आधी विचारलं. किती दिवस झाले, वास येतो का, खाज आहे का, नवऱ्याला काही त्रास आहे का. मग पडदा लावून आतून तपासलं. गर्भाशयाच्या तोंडाला अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, म्हणजे जवळपास व्हिनेगरच, लावून बघितलं. पांढरा डाग उमटला नाय. म्हणाल्या, "गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर पोटावरच्या सोनोग्राफीत शोधत नाहीत. त्याची तपासणी ही अशी, नाहीतर पॅप, नाहीतर एचपीव्ही. हा जंतुसंसर्ग आहे. गोळ्या घे, आणि नवऱ्यालाही दे, नाहीतर परत होईल." दोन आठवडे गोळ्या. बहीण बरी. पिशवी जागेवर.

अंगावरून लाल जास्त जात असलं तरी आधी रक्त थांबवायच्या गोळ्या आहेत, हार्मोनच्या गोळ्या आहेत, आत बसवायची औषधाची कॉपर-टीसारखी वस्तू आहे. संशय असला तर तुकडा काढून तपासायचा असतो. कात्री शेवटची. खराखुरा कॅन्सर असला, कशानंच न थांबणारा रक्तस्राव असला, तर पिशवी काढावी लागते आणि त्यानं जीव वाचतो. त्याला कोण नाय म्हणतं? पण तुमच्याकडं गरिबाला कात्री पहिली, आणि पैसेवालीला दुसरा सल्ला, तिसरा सल्ला.

केंद्र सरकारनं २०२२ साली अनावश्यक पिशवी काढण्याविरुद्ध नियमावली काढली. देश, राज्य, जिल्हा अशा देखरेख समित्या करा, चाळिशीच्या आतल्या बाईची पिशवी काढली तर त्याची नोंद कळवा, असं त्यात आहे. ५ एप्रिल २०२३ ला सुप्रीम कोर्टानं सगळ्या राज्यांना तीन महिन्यांत ती लागू करा म्हणून सांगितलं. कागद चांगला आहे. पण बहिणीला ऑपरेशनची तारीख मिळाली ती या कागदानंतर!

जातीचं काय मध्येच, म्हणाल. काढतोच. १९२९ च्या डिसेंबरात एका अस्पृश्य शिक्षकाचं पत्र छापून आलं होतं, काठेवाडातलं. बाबासाहेबांनी ते पुढं स्वतःच्या आठवणींसोबत नोंदवून ठेवलं. त्याची बायको बाळंत झाली आणि आजारी पडली. डॉक्टर वस्तीत शिरायला तयार नव्हता. बाळंतिणीला बाहेर आणलं. डॉक्टरनं थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिला, त्यानं नवऱ्याच्या, नवऱ्यानं बायकोच्या. परत त्याच वाटेनं. पुढं पोरीची तब्येत बिघडली तेव्हा डॉक्टर आलाच नाय. ती मेली.

आज थर्मामीटर तुम्ही हातानं लावता. सुधारलात. आज लेबर रूममध्ये माझ्या बायकोला टेबलावर उताणी पाडून, मांडीवर चापट मारून विचारतात, "तेव्हा मजा आली ना, आता कशाला ओरडतेस?" पोटावर कोपर दाबतात. न विचारता खाली कापतात, टाके घालताना सुन्न करायचं इंजेक्शन विसरतात. नाव विचारतात, आडनाव विचारतात, आणि आडनावानंतर आवाज बदलतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली लिहून ठेवलंय: सरसकट कापू नका, पोट दाबू नका, सोबत तिच्या मर्जीचं माणूस असू द्या, जशी तिला सोयीची तशी तिला बसू-झोपू द्या. आपल्याच सरकारच्या २०१७ च्या 'लक्ष्य' योजनेत सोबतीचं माणूस आहे, सन्मान आहे. माझी बायको अकरा तास एकटी होती. मी जिन्यात होतो.

आणि खाजगीत? २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या खाजगी दवाखान्यांत शंभरातली ४७ बाळंतपणं सिझरनं, सरकारीत १४. जिला नको तिला कापतात, जिला पाहिजे ती रस्त्यात मरते.

आता आपल्या पोरांकडं वळतो, कारण शिव्या नुसत्या बाहेर देणं सोपं आहे. १९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यात दलित कोण याची यादी केली, त्यात भूमिहीन होते, कामगार होते, आणि स्त्रिया होत्या. फडावरच्या वंजारी, बंजारा, मातंग, बौद्ध बाया सगळ्या त्या यादीत आहेत. १९२८ साली बाबासाहेब कायदेमंडळात बाळंतिणीच्या पगारी रजेसाठी बोलले, १९२९ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला. शंभर वर्षं होत आली. आणि आपण? मोर्चात गळा फाडणारा माझा दोस्त घरी बायकोला गोळ्या खाऊ देतो, स्वतः खात नाय. म्हणतो, रोग तिला आहे. नसबंदी कुणी करायची? तिनंच. अरे, मनू बाहेर जाळायचा आणि खाटेवर पोसायचा?

मागण्या सरळ आहेत. खाडा बंद करा. पाळीची आणि बाळंतपणाची पगारी रजा कारखान्याच्या खर्चानं, मुकादमाच्या नव्हे. फडावर पाणी, संडास, आणि तपासणीला येणारी डॉक्टरीण. पिशवी काढायची तर दुसऱ्या सरकारी डॉक्टरची सही, आणि कारण मराठीत लिहून बाईच्या हातात. अंडाशय काढलं तर तेही लिहा. प्रत्येक दवाखान्यानं वर्षाला किती पिशव्या काढल्या, तिचं वय काय होतं, हे दारावर फळ्यावर लावा. धक्क्यावर एक गोणी फुटली तरी रजिस्टरला चढते. बाईचं गर्भाशय गोणीपेक्षा स्वस्त आहे?

डॉक्टरसाहेब, पुढचं शिबिर आमच्या वस्तीत ठेवा. मंडप आम्ही घालू. पण त्या दिवशी माय पहिल्या रांगेत बसेल, कागद हातात घेऊन. तिला फार वेळ बसवत नाय, तेव्हा उत्तर लवकर द्या.