रेमडेसिव्हिर, टोसिलिझुमॅब, सेमाग्लुटाइड: औषधांची नावं इतकी अवघड का असतात?

मे 2021. कोरोनाची दुसरी लाट सुरू होती आणि एरवी डॉक्टरांच्याच तोंडी असणारी नावं घराघरांत पोहोचली होती. रेमडेसिव्हिर, फॅव्हिपिराव्हिर, टोसिलिझुमॅब, बॅरिसिटिनिब. तेलंगणाचे तेव्हाचे मंत्री के. टी. रामाराव यांनी ट्विटरवर विचारलं, उच्चारताही न येणारी ही नावं ठेवतं तरी कोण? यात शशी थरूर यांचा हात असावा, अशी गमतीशीर शंकाही त्यांनी घेतली.

थरूर यांनी उत्तरात त्यांचा गाजलेला शब्द काढला: फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन. इंग्रजीत 29 अक्षरं, अर्थ एवढाच की एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणं. आपल्यावर सोपवलं असतं तर आपण 'कोरोनिल', 'कोरोझिरो', अगदी 'गो कोरोना गो' अशी नावं ठेवली असती, असंही ते म्हणाले. (शेवटच्या नावाचं श्रेय रामदास आठवलेंना द्यायला हवं.)

गंमत अशी की थरूर यांचं एकही नाव मंजूर झालं नसतं.

औषधाचं मूळ नाव, म्हणजे जेनेरिक नाव, जागतिक आरोग्य संघटनेच्या देखरेखीखाली ठरतं. ही व्यवस्था 1950 च्या ठरावातून आली आणि 1953 पासून कामाला लागली. कंपनी नावं सुचवते, तज्ज्ञांची समिती ती तपासते. नाव आधीच्या कुठल्या नावासारखं ऐकू येता कामा नये. आजार, अवयव किंवा गुण येणार असल्याचा इशारा देणारं नाव शक्यतो टाळायचं, हाही एक नियम. म्हणजे 'कोरोझिरो' पहिल्याच फेरीत बाद. शिवाय हे नाव कुणाच्या मालकीचं नसतं, ते कुठलीही कंपनी वापरू शकते.

खरी गोष्ट शेपटीत

या लांबलचक शब्दांचा सुरुवातीचा भाग बहुतेक वेळा निव्वळ बनवलेला असतो. अर्थ असतो शेवटच्या काही अक्षरांत. एकाच गटातल्या औषधांना एकच शेपूट.

'व्हिर' म्हणजे विषाणूविरुद्धचं औषध. कुठला विषाणू, ते त्यावरून कळत नाही. नागिणीवर दिलं जाणारं ॲसायक्लोव्हिरही त्याच घरातलं. 'मॅब' म्हणजे मोनोक्लोनल अँटिबॉडी, प्रयोगशाळेत तयार केलेलं प्रतिपिंड. टोसिलिझुमॅबमध्ये तर 'लि' हे रोगप्रतिकारशक्तीसाठी आणि 'झु' हे मानवी प्रतिपिंडाच्या धर्तीवर घडवल्याची खूण म्हणून आलं आहे. पण 'मॅब'वाली औषधं इतकी वाढली की नवी नावं एकमेकांसारखी वाटायला लागली. म्हणून 2021 मध्ये नव्या औषधांसाठी ही शेपूट बंद करून तिच्या जागी चार नव्या आणल्या गेल्या.

घरातल्या औषधांच्या डब्यातही हेच दिसतं. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल या ॲसिडिटीच्या गोळ्या. टेल्मिसार्टन, लोसार्टन ब्लड प्रेशरच्या. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन शुगरच्या. ॲटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन कोलेस्टेरॉलच्या.

फक्त शेपूट बघून निष्कर्ष काढणं मात्र धोक्याचं. ॲरिपिप्राझोल हे मानसिक आजारावरचं औषध आहे, ॲसिडिटीशी त्याचा संबंध नाही. निस्टॅटिन कोलेस्टेरॉलवर नाही, बुरशीवर चालतं. ते न्यूयॉर्क स्टेटच्या आरोग्य विभागात सापडलं, म्हणून त्या राज्यावरून हे नाव.

मग गोंधळ कुठे होतो?

गोंधळ होतो तो बहुतेकदा सोप्या नावांमुळे, म्हणजे ब्रँडमुळे.

एका डॉक्टरांनी लिहिलेली प्रेशरची गोळी आणि दुसऱ्या डॉक्टरांनी लिहिलेली वेगळ्या नावाची गोळी, दोन्हींत टेल्मिसार्टनच असू शकतं. तापाची गोळी आणि सर्दीची गोळी, दोन्हींत पॅरासिटामॉल असू शकतं, आणि त्याचा डोस जास्त झाला तर यकृताला इजा होते. पाकिटावर ब्रँड वेगळे दिसतात, त्यामुळे रुग्णाला वाटतं औषधं वेगळी आहेत.

उलटंही घडतं. 'फाल्सिगो' आणि 'फाल्सिटॅब' ही मलेरियावरची दोन औषधं. फॅल्सिपॅरम या मलेरियाच्या परजीवीवरून दोन्ही नावं आलेली, पण एकात आर्टेसुनेट, दुसऱ्यात मेफ्लोक्विन. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2001 मध्ये न्यायालयाने सांगितलं की औषधांच्या नावातली चूक जिवावर बेतू शकते, त्यामुळे तिथे सारखेपणाची कसोटी इतर वस्तूंपेक्षा कडक हवी.

भारतात 2018 पासून जेनेरिक नाव ब्रँडपेक्षा किमान दोन फाँट मोठं छापण्याचा नियम आहे. तीन किंवा जास्त औषधांच्या मिश्रणांना त्यातून सूट आहे. डॉक्टरांनी जेनेरिक नावच लिहावं, न लिहिल्यास कारवाई, अशी नियमावली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट 2023 मध्ये आणली आणि त्याच महिन्यात स्थगित केली. डॉक्टरांच्या संघटनांचा आक्षेप असा होता की जेनेरिक औषधांच्या दर्जाची खात्री कोण देणार? आणि ब्रँड निवडायचं काम डॉक्टरांकडून केमिस्टकडे जाणार नाही का? आक्षेप अगदीच फोल नाहीत. पण ब्रँडसोबत जेनेरिक नाव सुवाच्य लिहायला यातलं काहीच आड येत नाही.

याचा कस आता वजन कमी करण्याच्या इंजेक्शनांवर लागणार आहे. ओझेम्पिक, वेगोव्ही आणि रायबेल्सस ही तीन नावं, आत औषध एकच: सेमाग्लुटाइड. शेवटचं 'ग्लुटाइड' म्हणजे भूक आणि साखर आटोक्यात ठेवणाऱ्या जीएलपी-1 या संप्रेरकासारखं काम करणारं औषध. त्याच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च 2026 पर्यंतची, आणि अनेक भारतीय कंपन्यांनी आपापल्या आवृत्त्यांची तयारी आधीच केलेली. म्हणजे एका औषधाला कितीतरी नवी, छोटी, चटपटीत नावं.

परदेशी राहणाऱ्यांसाठी एक पुरवणी. अमेरिकेतल्या दुकानात पॅरासिटामॉल मागितलं तर समोरचा गोंधळू शकतो, कारण तिथे त्याला ॲसिटामिनोफेन म्हणतात. दोन्ही शब्द एकाच रासायनिक नावातली वेगवेगळी अक्षरं उचलून बनले आहेत. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल होतं.