केबल कापली, आता खो-खो दाखवा

पुण्यात हल्ली कुणाच्याही घरी जा, पाच मिनिटांत एक वाक्य ऐकायला मिळतंच. "आम्ही केबल कधीच काढून टाकली!" सांगणाऱ्याचा चेहरा असा, जणू सिगारेट सोडली. त्यानंतरचं वाक्यही ठरलेलं, "सगळं मोबाईलवर मिळतं की."

मंडळी, माझं भांडण या "सगळं" शब्दाशी आहे.

केबल कापणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायचे नवे नियम आले तेव्हा सांगितलं गेलं की आता हवे तेच चॅनेल घ्या आणि तेवढ्याचेच पैसे द्या. ऐकायला झकास. प्रत्यक्षात पहिल्या शंभर चॅनेलांच्या नुसत्या जोडणीचे १३० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, आणि अजून एकही पे-चॅनेल घेतलेला नाही! त्यावर खेळाचे चॅनेल, ते पुन्हा दोन-तीन कंपन्यांत वाटलेले. नंतरच्या वर्षांत हे आकडे बदलत गेले, पण तोवर लोकांचं डोकं फिरलं होतं. वायर निघाली. ढोकीच्या आमच्या घरातूनही निघाली. (ढोकी म्हणजे तेरणा कारखान्याचं गाव, लातूर-बार्शी रस्त्यावर, जिल्हा धाराशिव. पुण्यातल्या मित्रांना दर वेळी सांगावं लागतं, म्हणून इथेही सांगून टाकलं :-) )

पण वायर निघाली म्हणजे बिल संपलं असं नाही. ते रिचार्जमध्ये जाऊन बसलं.

साधा हिशोब करू, आपण इंजिनियर लोक आहोत. बऱ्यापैकी स्वच्छ चित्र हवं असेल तर सेकंदाला ३ मेगाबिट धरा. तासाचे झाले सुमारे १.३५ जीबी. ट्वेंटी-ट्वेंटी सामना साडेतीन तास चालला तर पावणेपाच जीबी. रोज दीड जीबीचा पॅक असलेल्या माणसाचा डेटा पहिल्या डावाच्या मध्येच संपतो. चित्र अंधुक करून १ मेगाबिटवर आणलं तरी दीड जीबीत तीन तास वीस मिनिटंच निघतात, म्हणजे शेवटच्या दोन ओव्हर राहिल्या की गोल फिरायला लागतं. आपल्या घरी वाय-फाय आहे, आपल्याला हे कळतही नाही. गावी आई-अण्णांना कळतं.

शिवाय दोन्हींची घडणच वेगळी आहे. उपग्रहावरून येणारा सिग्नल एकदाच पाठवला जातो. खाली एक घर बघो की एक कोटी, खर्च तोच. ॲपवर मात्र प्रत्येक बघणाऱ्याला स्वतंत्र धार सोडावी लागते, आणि त्या धारेचे पैसे कुणीतरी भरतंच, कधी कंपनी जाहिरातीतून, कधी आपण वर्गणीतून. लाखो लोकांनी एकाच वेळी एकच गोष्ट बघायची असेल तर त्याला प्रसारण हाच शहाणा मार्ग. एवढं साधं गणित असूनही आपण मागासलेली गोष्ट म्हणून टीव्हीला हसतो!

मोबाईलच्या बाजूचा एक मुद्दा मात्र कबूल. लाईट गेली की टीव्ही बंद आणि फोन चालू. गावाकडे ही लहान गोष्ट नाही. पण लाईट असताना चौघांनी चार फोनमध्ये मान घालून एकच सामना बघायचा, त्यात प्रत्येकाचं चित्र वीस-तीस सेकंद मागेपुढे, शेजारी आधी ओरडतो आणि आपली विकेट नंतर पडते... याला प्रगती म्हणायचं असेल तर म्हणा.

आता गंमत ऐका. केबल कापल्यावर ढोकीत आमच्या छपरावर डीडी फ्री डिशची छत्री बसली. दीड-दोन हजारांचा एकदाच खर्च, महिन्याचं भाडं शून्य. ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली आणि आज देशात चार कोटींहून जास्त घरांत असल्याचा अंदाज आहे. जुन्या अँटेनाचा तर प्रश्नच मिटला, कारण दूरदर्शनचे जमिनीवरचे ॲनालॉग मनोरे २०२२ पर्यंत जवळजवळ सगळे बंद झाले. उरली ती ही छत्री.

आणि या छत्रीमागे एक कायदा आहे, जो आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतो. २००७ चा क्रीडा प्रसारण सिग्नल कायदा. राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर केलेल्या सामन्यांचा सिग्नल खासगी वाहिनीने प्रसार भारतीला द्यायचाच, टीव्हीवरच्या जाहिरातीच्या उत्पन्नातले किमान ७५ टक्के त्या वाहिनीला मिळणार, २५ टक्के प्रसार भारतीला. भारताच्या पुरुष क्रिकेट संघाचे वनडे आणि ट्वेंटी-ट्वेंटी सामने यात येतात. पुढे २२ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा वाटून घेतलेला सिग्नल प्रसार भारतीच्या स्वतःच्या जाळ्यावरच दाखवायचा, खासगी केबल आणि डीटीएचवर नाही. परिणाम काय? केबलचे पैसे भरणाऱ्याला दूरदर्शनवर तो सामना दिसत नाही, आणि केबल कापून छत्री लावणाऱ्याला दिसतो!

म्हणजे देशात क्रिकेट फुकट दाखवायची सोय आहे. चांगली गोष्ट आहे, मीही बघतो. पण आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. क्रिकेटला कॅमेऱ्याची कमतरता कधीच पडणार नाही. क्रिकेटमध्येसुद्धा कॅमेरा खेळामागे जातो की चेहऱ्यामागे, ते जानेवारी २०२५ मध्ये दिसलं. दिल्ली विरुद्ध रेल्वे हा रणजी सामना प्रक्षेपणाच्या यादीत नव्हता. विराट कोहली खेळणार म्हटल्यावर घाईघाईने सोय झाली. रणजीत एलिट गटाच्या एका फेरीत १६ सामने असतात. बाकीच्या मैदानांवर कोहली नसतो, एवढाच त्यांचा गुन्हा.

ही क्रिकेटची कथा. मग आमच्या जिल्ह्याच्या खेळाचं काय?

अमेरिकेत हीच चर्चा कॉलेज फुटबॉलवरून चालते. (त्यांचा फुटबॉल, अंड्याच्या आकाराच्या चेंडूचा.) तिथे आपल्या राज्याच्या विद्यापीठाचा संघ हा माणसाच्या ओळखीचा भाग असतो, नोकरीसाठी तो कुठेही गेला तरी शनिवारी सामना बघतोच. ३१ ऑगस्ट २०२३ ला, मोसमाच्या सुरुवातीलाच, चार्टर या केबल कंपनीचं आणि डिस्नेचं पैशावरून फाटलं आणि लाखो घरांतून ईएसपीएन गायब झालं. ११ सप्टेंबरला तडजोड होईपर्यंत लोकांनी आकांत केला. म्हणजे श्रीमंत देशातही केबल ठेवली तरी रडणं आणि कापली तरी रडणं. पण एक फरक आहे. त्यांचं भांडण सिग्नल कुणी दाखवायचा यावर आहे. आमच्याकडे दाखवायला सिग्नलच नाही.

धाराशिव हा खो-खोचा जिल्हा आहे. इथल्या सारिका काळेच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. आता प्रामाणिकपणे सांगा, तिचा एक तरी पाठलाग तुम्ही पाहिलाय? मी तिच्याच जिल्ह्यातला, पण टीव्हीवर एकदाही नाही. आपण तिचा सत्काराचा फोटो पाहिला. कोहलीचा कव्हर ड्राईव्ह आपण झोपेतही ओळखू, आणि आपल्याच जिल्ह्यातल्या भारतीय कर्णधाराचा खेळ आपल्याला बातमीतून माहीत.

नोव्हेंबर २०२२ मध्ये वरिष्ठ गटाची राष्ट्रीय खो-खो स्पर्धा उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये झाली. ढोकीहून एसटीने तासाभराच्या आत. जे गेले त्यांनी बघितलं. मी पुण्यातून घरी फोन केला तर अण्णांनी पेपरातला निकाल वाचून दाखवला.

दाखवलं की लोक बघतात, याचा अनुभवही आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात भारताच्या महिलांनी नेपाळला ७८-४० ने आणि पुरुषांनी ५४-३६ ने हरवलं. महिला संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. हे सामने डीडी स्पोर्ट्सवर होते, म्हणजे आमच्या फुकटच्या छत्रीवर. आमच्या आईने शाळा सुटल्यापासून खो-खोचं नाव काढलं नव्हतं, ती टीव्हीपुढे बसून "अगं पलटी मार!" करत होती. गल्लीतल्या दोन पोरी येऊन बसल्या होत्या. विश्वचषक संपला आणि खिडकी पुन्हा बंद.

त्या आधी २०२२ मध्ये अल्टिमेट खो-खो लीग पुण्यात बालेवाडीला सुरू झाली आणि तीही टीव्हीवर आली. छान झालं. पण ती पैसे भरून बघायच्या वाहिनीवर, आणि मैदानात पुरुषांचे संघ. आमच्या गल्लीतल्या पोरींनी बघायचं कुणाकडे?

माझं सगळं म्हणणं या पोरींपाशी येऊन थांबतं. बारा वर्षांची मुलगी शाळेच्या मैदानावर खो-खो खेळते, सर जेवढं शिकवतात तेवढं शिकते. क्रिकेट खेळणारा तिचा भाऊ रोज जगातले उत्तम खेळाडू बघतो, त्यांची नक्कल करतो, त्यातून घडतो. हिने नक्कल कुणाची करायची? खांबाजवळून वळताना कोपर कुठे ठेवायचं, सूर कधी मारायचा, हे बघून शिकायचं असतं. बघायलाच मिळत नसेल तर तिची सुरुवात दर वेळी शून्यापासून.

आता नेहमीचे आक्षेप.

"यूट्यूबवर असतं की!" असतं. कधी संघटनेच्या चॅनेलवर, कधी आयोजकांच्या, कधी एखाद्या पुढाऱ्याच्या पेजवर. लिंक व्हॉट्सॲपवर येते ती सामना संपल्यावर. कॅमेरा एकच, तोही स्टेजवरच्या पाहुण्यांकडे जास्त वळलेला. वेळापत्रक नाही, गुणफलक नाही. शोधणाऱ्याला सापडतं, पण आवड निर्माण होते ती सहज समोर आल्यामुळे.

"प्रेक्षक असतील तर बाजार दाखवेल." हे वाक्य आपल्या ऑफिसात फार चालतं. अहो, न दाखवलेल्या खेळाला प्रेक्षक येणार कुठून? आणि जिल्हा क्रीडा संकुलं, प्रशिक्षकांचे पगार, संघांचा प्रवास यांत सरकारी पैसा जातो, म्हणजे आपलाच. मैदान बांधताना बाजार आठवत नाही, कॅमेरा लावतानाच बरा आठवतो!

"दूरदर्शन बघतं कोण?" तुम्ही बघत नाही. चार कोटी घरं बघतात, त्यांत कदाचित तुमचे आईवडीलही असतील.

खर्चाचं म्हणाल, तर खो-खो हा टीव्हीसाठी देवाने घडवलेला खेळ आहे. पारंपरिक नियमांत नऊ-नऊ मिनिटांच्या चार पाळ्या, पाऊण तासात सामना संपला. खांबापासून खांबापर्यंतचं मैदान दोन-तीन कॅमेऱ्यांत मावतं. क्रिकेटसारखे तीस कॅमेरे नकोत, ड्रोन नको, चीअरलीडर तर नकोतच. अंधुक चित्रावर बघितला तर अख्खा सामना साडेतीनशे एमबीच्या आत, म्हणजे दीड जीबीवाल्यालाही परवडतो.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. २००७ चा कायदा दुसऱ्याने तयार केलेला सिग्नल वाटून घ्यायला सांगतो. जिथे कुणी सिग्नल तयारच करत नाही, तिथे प्रसार भारतीने तो स्वतः करावा. राज्य आणि राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा, खो-खो आणि कबड्डी, महिला आणि पुरुष दोन्ही. सह्याद्री वाहिनीवर शनिवार-रविवारी दुपारची दोन तासांची ठरलेली वेळ, मराठी समालोचन, तेच फ्री डिशवर आणि तेच नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या प्रसार भारतीच्या वेव्हज ॲपवर, लॉग-इनची कटकट न लावता. आणि ज्या स्पर्धेला सरकारी अनुदान, तिच्या आयोजकांना अट एकच, कॅमेरा उभा करायला जागा आणि वेळापत्रक आठवडाभर आधी.

यात रॉकेट सायन्स काही नाही. आपल्यातले कितीतरी जण दिवसभर याहून अवघड गोष्टी परदेशातल्या क्लायंटसाठी करतात.

तोवर, केबल कापल्याचं खुशाल सांगा, मीही सांगतो. फक्त "सगळं मिळतं" म्हणू नका. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा आईवडिलांच्या फोनमध्ये चौथं ॲप टाकून देण्याआधी छपरावर एक छत्री बसवून या. आणि माहिती-प्रसारण मंत्रालयाला एक मेल टाका, आमच्या जिल्ह्याचा खेळ कधी दाखवताय म्हणून. माझी गेली आहे. एकट्याची मेल कुणी वाचत नाही, दोन-तीनशे आल्या तर निदान कुणीतरी मोजेल.