पावसाचा फोटो आणा!

"पण यात पाऊस कुठे आहे, गुरुजी?" असे मला एका कचेरीत विचारण्यात आले, तेव्हापासून हे भांडण पोटात आहे. फराळाच्या ताटाशी ते काढीत आहे, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

माझ्या वर्गातील एका मुलाच्या घराची मातीची भिंत ऐन श्रावणात मध्यरात्री कोसळली. वीज गेलेली. शेजाऱ्याने बॅटरी धरली आणि पोराने मोबाईलवर फोटो काढला. त्यात भिंत आली, चूल आली, भिजलेली गोधडी आली. पाऊस तेवढा आला नाही. साहेबांनी निर्णय दिला, पाऊस नव्हताच, भिंत आधीची पडलेली दिसते! शिवाय मंडळाच्या पर्जन्यमापकात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर भरले नव्हते, म्हणजे अतिवृष्टीही नाही. (साहेब दुष्ट नव्हते. मला चहा पाजला.)

आता पाऊस फोटोत का येत नाही ते ऐका. मोठा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने पडतो. कॅमेऱ्याची झडप सेकंदाचा तिसावा हिस्सा उघडली, तरी तेवढ्यात तो फूटभर खाली येतो आणि त्याची पुसट रेघ उरते. झडप लवकर मिटावी, तर अंधारात उजेड पुरत नाही. मोबाईल तर त्याहून शहाणा! रात्री तो भराभर अनेक फोटो काढून त्यांचा एक करतो. जे सगळ्यांत सारखे ते ठेवतो, जे एकात आहे आणि दुसऱ्यात नाही ते खोट समजून गाळतो. थेंब कोणत्या दोन फोटोंत एका जागी राहील? फ्लॅश पाडावा, तर जवळचे थेंब पांढऱ्या टिकल्यांसारखे उमटतात. साहेबांनी त्याला भुताटकी म्हटले असते.

रात्रीचा पाऊस दिसावयास उजेड त्याच्या पाठीमागे लागतो. सिनेमावाल्यांना हे जुने ठाऊक आहे. पाणी नळीचे, पण दिवा मागे; १९५५ च्या 'श्री ४२०' मधला छत्रीतला रात्रीचा पाऊस अजून लोकांच्या डोळ्यांपुढे आहे. म्हणजे नळीचा पाऊस दिसतो आणि आभाळाचा दिसत नाही! ज्याच्या दारात खांबावरचा दिवा जळतो, त्याचाच पाऊस फोटोत पडावयाचा. अंधारातल्या घरावरचा पाऊस सरकारदरबारी कोरडा.

माझे म्हणणे एवढेच, की फोटो मागण्यापेक्षा सकाळी कुणी तरी यावे. पडलेल्या मातीला हात लावावा, शेजाऱ्यांना विचारावे. मातीची भिंत एका रात्रीच्या मापाने पडत नसते. आठ दिवसांची रिपरिप तिच्यात मुरत असते. हे कळावयास कॅमेरा नको, मातीच्या घरात एक पावसाळा काढलेला असावा.

तरी मास्तरकी सुटत नाही. मी त्या पोराला युक्ती शिकवली, "पुढच्या वेळी बॅटरी पागोळ्यांच्या मागे धरायची, आणि मग फोटो काढायचा."

तो म्हणाला, "गुरुजी, मग आजीला बाहेर कोणी काढायचं?"